बाथरूम आणि शॉवरची सफाई: काय वापरावे, काय कधीच एकत्र करू नये

दिवाळीच्या आधीच्या दिवसांत दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, काल बाथरूम घासत होते. अचानक डोळे चुरचुरायला लागले, खोकल्याची उबळ आली, आणि रात्रीपासून छातीत दडपल्यासारखे वाटते आहे." थोडे खोलात विचारले की बहुतेक वेळा एकच गोष्ट कळते. टाइल्सवरचे पांढरे डाग निघत नव्हते म्हणून आधी ॲसिड टाकले होते. तेवढ्याने भागले नाही म्हणून त्यावरच ब्लीच ओतले. आणि पाणी बाहेर उडू नये म्हणून दार लावून घेतले होते.

स्वच्छ बाथरूम आरोग्यासाठी आवश्यक आहे, पण बाथरूम साफ करण्याची पद्धत चुकली तर अस्वच्छतेपेक्षा मोठा त्रास होऊ शकतो. शॉवर, टाइल्स आणि फरशीची सफाई सुरक्षितपणे कशी करावी, कोणी करू नये आणि त्रास झालाच तर पहिल्या काही मिनिटांत काय करावे, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. एकाच दिवशी एकापाठोपाठ एकही वापरू नका.
- सफाई करताना दार आणि खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा.
- पांढऱ्या क्षारांसाठी व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड, काळ्या बुरशीसाठी पातळ केलेले ब्लीच, आणि रोजच्या मळासाठी साबण पुरेसा आहे.
- डोळ्यांत किंवा अंगावर रसायन उडाले तर आधी वाहत्या पाण्याने 15 ते 20 मिनिटे धुवा, मग डॉक्टरांकडे जा.
- श्वास लागत असेल तर "थोड्या वेळाने बरे वाटेल" म्हणून थांबू नका.

बाथरूममध्ये नेमके काय साचते?

सगळे डाग सारखे नसतात. डाग कशाचा आहे हे ओळखले की योग्य वस्तू निवडता येते आणि विनाकारण जालीम रसायन वापरावे लागत नाही.

*पांढरा, खरखरीत थर.* हे पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी जड असेल तर शॉवरची भोके, नळाची तोंडे, बादलीचा तळ आणि टाइल्स महिन्याभरात पांढऱ्या दिसू लागतात. हा थर आम्लात विरघळतो, साबणाने किंवा ब्लीचने निघत नाही. त्यामुळे क्षारांवर कितीही ब्लीच ओतले तरी उपयोग होत नाही.

*चिकट, राखाडी थर.* साबण, अंगाचे तेल आणि जड पाण्यातले क्षार मिळून हा साका तयार होतो. फरशी निसरडी होण्याचे हे मोठे कारण आहे. कोमट पाणी, भांड्यांचा किंवा कपड्यांचा साबण आणि ब्रश यांनी तो निघतो.

*काळे किंवा हिरवट ठिपके.* टाइल्सच्या फटी, कोपरे, छत आणि शॉवरचा पडदा येथे बुरशी धरते. सतत ओल आणि हवा न खेळणे ही त्याची कारणे. दमा किंवा ॲलर्जीची सर्दी असलेल्यांना या बुरशीमुळे शिंका, खोकला आणि धाप यांचा त्रास वाढू शकतो.

*गुलाबी, बुळबुळीत थर.* अनेकांना हा गंज वाटतो. बहुतेक वेळा तो ओलसर जागी वाढणाऱ्या जिवाणूंचा थर असतो. निरोगी माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही, पण तो घासून काढावा आणि जागा कोरडी ठेवावी.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की काय होते?

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पाण्याच्या टाकीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट. या दोन्हींमध्ये कोणतेही आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. दारावर विकायला येणारे टॉयलेटचे ॲसिड आणि अनेक टॉयलेट क्लीनर यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा आम्लच आहेत. त्यामुळे "घरगुती आहे, म्हणून चालेल" असे समजू नका.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. आपल्याकडे फरशी घासणारी व्यक्ती बहुधा उकिडवी बसलेली असते, म्हणजे तिचे नाक नेमके त्याच उंचीवर असते. चार बाय सहा फुटांच्या बंद बाथरूममध्ये थोडासा वायूही त्रास द्यायला पुरतो.

हा वायू डोळे, नाक, घसा आणि फुफ्फुसांतल्या ओलाव्याशी मिसळला की तिथेच आम्ल तयार होते आणि आतले नाजूक अस्तर भाजते. सुरुवातीला डोळ्यांतून पाणी, घशात जळजळ, खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसतात. जास्त वायू आत गेला असेल तर काही तासांनी, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, फुफ्फुसांत पाणी होऊन धाप वाढू शकते. सुरुवातीचा छातीचा एक्स-रे ठीक आला तरी रुग्णाला काही तास देखरेखीखाली ठेवतात, ते यासाठीच. काहींना अशा एका मोठ्या प्रसंगानंतर दम्यासारखा त्रास महिनोन्‌महिने राहतो.

आणखी काही मिश्रणे लक्षात ठेवा:

- ब्लीच आणि अमोनिया: काही काच साफ करायच्या द्रव्यांत आणि केसांच्या रंगांत अमोनिया असतो. ब्लीचशी तो मिसळल्यावर क्लोरामाइन हा त्रासदायक वायू तयार होतो. लघवी साचलेल्या जागीही असे होऊ शकते. म्हणून मोरीत किंवा कमोडमध्ये ब्लीच टाकण्याआधी भरपूर पाणी ओता.
- ड्रेन क्लीनर आणि ॲसिड: तुंबलेला पाइप मोकळा करायच्या पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. त्यावर ॲसिड ओतले तर एकदम उष्णता निर्माण होऊन उकळते द्रव्य तोंडावर उडू शकते.
- ब्लीच आणि गरम पाणी: गरम पाण्याने ब्लीचच्या वाफा वाढतात आणि त्याची ताकद कमी होते. साधे पाणीच वापरा.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. फरशी धुऊन झाली तरी जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम साठलेले असते. सकाळी वापरलेले ॲसिड तिथे राहू शकते. संध्याकाळी त्याच जाळीत ब्लीच ओतले तर वायू तिथूनच वर येतो. ॲसिड आणि ब्लीच एका दिवशी नको, ते या कारणासाठी.

शॉवर हेड साफ करणे का महत्त्वाचे?

शॉवरची भोके क्षारांनी बुजली की पाणी वेडेवाकडे उडते, एवढेच आपल्या लक्षात येते. पण आतल्या ओलसर, अंधाऱ्या पोकळीत जिवाणूंचा पातळ थर साचतो आणि पाणी सोडल्यावर त्यातले काही जिवाणू बारीक तुषारांतून श्वासात जाऊ शकतात.

यातला सर्वांत परिचित जिवाणू लीजिओनेला. 1976 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या संमेलनानंतर न्यूमोनियाची मोठी साथ आली आणि त्याच्या तपासातून पुढच्या वर्षी हा जिवाणू ओळखला गेला. साधारण 20 ते 45 अंश सेल्सियस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो. हा आजार तुषार श्वासात गेल्याने होतो आणि सहसा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. निरोगी तरुण माणसाला धोका फार कमी असतो. मात्र वयस्कर व्यक्ती, धूम्रपान करणारे, फुफ्फुसांचा जुना आजार असलेले, केमोथेरपी चालू असलेले किंवा प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांनी काळजी घ्यावी.

*शॉवर हेड साफ करण्याची पद्धत (3 महिन्यांतून एकदा; पाणी जड असेल तर महिन्यातून एकदा):*

1. शॉवर हेड हाताने फिरवून निघत असेल तर काढा. निघत नसेल तर जोर लावू नका.
2. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि एक भाग पाणी असे मिश्रण करा. किंवा एक लिटर कोमट पाण्यात दोन ते तीन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवा.
3. काढलेला शॉवर हेड त्यात अर्धा ते एक तास बुडवून ठेवा. निघत नसेल तर मिश्रण प्लास्टिकच्या पिशवीत भरून शॉवरभोवती रबर बँडने बांधा. रात्रभर ठेवू नका, वरचा चकचकीत थर खराब होतो.
4. जुन्या टूथब्रशने भोके घासा. रबरी भोके असतील तर अंगठ्याने चोळा.
5. पुन्हा बसवून, शॉवरचे तोंड खाली बादलीत धरून, दोन मिनिटे पाणी सोडा. तोंड जवळ नेऊ नका.

मे महिन्यात गावाला गेल्यावर किंवा मुलांकडे परदेशी गेल्यावर घर महिना-दोन महिने बंद राहते. परत आल्यावर लगेच शॉवरखाली उभे राहू नका. खिडकी उघडा, गीझर पूर्ण तापू द्या, सगळे नळ आणि शॉवर काही मिनिटे वाहू द्या आणि त्या वेळी बाहेर थांबा. गीझरचे तापमान 60 अंशांच्या आसपास असेल तर हे जिवाणू टिकत नाहीत. पण एवढ्या पाण्याने अंग भाजते. म्हणून अंघोळीसाठी आधी बादलीत थंड पाणी घेऊन मग गरम मिसळा. घरात लहान मुले असतील तर हे विशेष सांभाळा.

सुरक्षित सफाई, पायरीपायरीने

*सुरू करण्याआधी:*

- गीझरचे बटण बंद करा. इलेक्ट्रिक बोर्डावर पाणी उडवू नका.
- दार, खिडकी उघडा. एक्झॉस्ट फॅन चालू करा.
- रबरी हातमोजे, मागे पट्टा असलेली न घसरणारी चप्पल आणि शक्य असल्यास चष्मा घाला. साध्या कापडी मास्कने वायू अडत नाही, हे लक्षात ठेवा.
- मुलांना आणि पाळीव प्राण्यांना लांब ठेवा.

*रोज:* शेवटची अंघोळ झाली की वायपरने फरशी आणि भिंतीवरचे पाणी ओढून घ्या. हे दोन मिनिटांचे काम बुरशी, क्षार आणि निसरडेपणा तिन्हींवर उपयोगी आहे.

*आठवड्यातून एकदा:* साबणाच्या पाण्याने टाइल्स, फरशी, बादली आणि मग घासा. स्वच्छ पाण्याने धुवा आणि कोरडे करा. बहुतेक घरांत एवढे पुरते.

*गरजेनुसार, क्षारांसाठी:* व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात फडके भिजवून डागावर 10 ते 15 मिनिटे ठेवा, मग घासा. मात्र शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर या दगडांवर कोणतेही आम्ल वापरू नका. यांत मुळातच चुना असतो, तो विरघळून पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मळ आणखी धरतो. टाइल्समधले सिमेंटही वारंवार ॲसिड टाकल्याने झिजते.

*गरजेनुसार, बुरशीसाठी (दुसऱ्या दिवशी):* आधी साबणाने घासून जागा धुवा. मळावर ब्लीच टाकले तर त्याची ताकद मळातच संपते. साधारण 5 टक्के तीव्रतेचे घरगुती ब्लीच असेल तर एक लिटर साध्या पाण्यात 20 मिली मिसळा. फडक्याने किंवा ब्रशने लावा, 10 मिनिटे ठेवा आणि धुवा. स्प्रेने उडवणे टाळा, कारण बारीक थेंब श्वासात जातात. उरलेले मिश्रण साठवू नका. भिंतीच्या आतून ओल येत असेल तर ब्लीचने फक्त रंग उडतो. गळती दुरुस्त केल्याशिवाय बुरशी जाणार नाही.

कोणी हे काम करू नये?

- दमा, सीओपीडी किंवा फुफ्फुसांचा अन्य आजार असलेल्यांनी ॲसिड आणि ब्लीचपासून लांब राहावे.
- गरोदर स्त्रियांनी साबणाने हलकी सफाई करायला हरकत नाही. तीव्र रसायने आणि निसरड्या फरशीवर वाकून घासणे टाळावे.
- चक्कर येत असेल, गुडघे दुखत असतील किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई हे काम करत असतील तर तीच काळजी त्यांचीही घ्या. त्या दिवसाला चार-पाच घरांतली बाथरूम धूत असतील तर त्यांच्या फुफ्फुसांत जाणाऱ्या वाफा तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. सफाईचे काम करणाऱ्यांमध्ये दम्याचे प्रमाण जास्त असते, हे अनेक देशांत दिसून आले आहे. त्यांना हातमोजे द्या, कोणत्या दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत हे दाखवून सांगा आणि "डाग अजून दिसतोय" म्हणून जास्त ॲसिड टाकायला लावू नका.

बाटली कशी ठेवावी?

सुटे ॲसिड विकत घेऊच नका. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ॲसिडच्या सरसकट विक्रीवर निर्बंध घातले, तरी लेबल नसलेल्या बाटल्या काही ठिकाणी मिळतात. घरात ॲसिड किंवा फिनाइल कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. तहानलेले मूल, कधी मोठी माणसेही, पाणी समजून घोट घेतात. ॲसिडच्या एका घोटाने अन्ननलिका भाजून पुढे आयुष्यभर गिळण्याचा त्रास होऊ शकतो. मूळ बाटली, घट्ट झाकण आणि कुलूप असलेले वरचे कपाट हीच योग्य जागा.

त्रास झाला तर काय करावे?

*वायू श्वासात गेला:* ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत या. बादली उचलायला किंवा पाणी टाकायला पुन्हा आत जाऊ नका. कपड्यांवर रसायन उडाले असेल तर ते काढा. टेकून बसा, आडवे होऊ नका. दम्याचा पंप नेहमीचा असेल तर घ्या. आत कोणी बेशुद्ध पडले असेल तर श्वास रोखून घाईने आत शिरू नका. आधी दार-खिडकी उघडा आणि मदत बोलवा.

*डोळ्यांत उडाले:* पापण्या बोटांनी उघड्या धरून वाहत्या साध्या पाण्याने 15 ते 20 मिनिटे धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. चोळू नका. गुलाबपाणी, तूप, दूध काही घालू नका. त्यानंतर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा, बरे वाटत असले तरी.

*त्वचेवर सांडले:* भिजलेले कपडे काढून 20 मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. ॲसिडवर सोडा आणि सोड्यावर लिंबू असले प्रयोग करू नका. हळद, टूथपेस्ट लावू नका.

*पोटात गेले:* उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजू नका. भाजलेली अन्ननलिका उलटीने पुन्हा भाजते. तोंड पाण्याने धुवा आणि बाटली सोबत घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात जा.

रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात 108 किंवा देशभरात 112 वर फोन करा.

डॉक्टरांकडे तातडीने कधी जावे?

- श्वास लागणे, छातीत घरघर किंवा बोलताना वाक्य तुटणे
- सतत खोकला किंवा फेसाळ, लालसर थुंकी
- ओठ निळसर पडणे, गुंगी येणे
- आवाज बसणे, गिळताना त्रास
- दृष्टी धूसर होणे, डोळा उघडता न येणे
- दमा, हृदयविकार, गरोदरपण किंवा लहान मूल असेल तर लक्षणे सौम्य असली तरीही

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र चालते का?*
त्याने विषारी वायू होत नाही, पण दोघे एकमेकांचा परिणाम संपवतात. फेस येतो, काम फारसे होत नाही. वेगवेगळे वापरा.

*तीव्र वास आला म्हणजे सफाई चांगली झाली का?*
नाही. वास आणि स्वच्छता यांचा संबंध नाही. शिवाय नाकाला वासाची सवय होते, त्यामुळे "आता वास येत नाही" म्हणजे वायू गेला असेही नाही.

*बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. काही वेगळी काळजी?*
हो. सफाईच्या वेळी किंवा थंडीत झडपा कागदाने बंद करू नका. हवा खेळती नसेल तर गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वासही नाही, आणि तो जीवघेणा आहे. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर बसवणे सर्वांत चांगले.

*चुकून दोन्ही मिसळले, पण मला काही होत नाही. थांबू का?*
बाहेर या, दार उघडे ठेवा आणि तास-दोन तास आत कोणालाही जाऊ देऊ नका. वास पूर्ण गेल्यावर भरपूर पाणी ओता. पुढचे 24 तास खोकला किंवा धाप याकडे लक्ष ठेवा आणि त्या वेळात एकटे राहू नका.

या दिवाळीला बाथरूम घासायला घ्याल तेव्हा एकच नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: एका दिवशी एकच बाटली, आणि दार उघडे. एखादा डाग राहिला तरी चालेल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. त्रास होत असल्यास प्रत्यक्ष डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)